लंडन ते पॅरिस : सव्वा तासाचं गणित

लंडनहून पॅरिस जवळच, विमानाने सव्वा तासात पोहोचू, असा हिशेब बरेच जण करतात. नकाशावर पट्टी लावून काढलेलं अंतर बरोबर आहे, सरळ रेषेत साधारण ३४० किलोमीटर. विमानाला सव्वा तास लागतो, हेही खरं. पण तेवढ्यावर दिवसाचा बेत आखू नका.

आधी घड्याळ बघा. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे आहे आणि तिकिटावर दोन्हीकडची स्थानिक वेळ छापतात. त्यामुळे जाताना सकाळी १० चं विमान १२.१५ ला पोहोचतं, येताना मात्र १० चं १०.१५ लाच! पहिल्या खेपेला मीही यात गोंधळलो होतो.

खरा वेळ जातो तो विमानतळांपायी. शार्ल द गोल विमानतळ पॅरिसच्या मध्यापासून पंचवीसेक किलोमीटर, आणि स्वस्तात मिळालं म्हणून ल्युटन विमानतळावरून निघालात तर ते लंडनपासून पन्नासेक किलोमीटर. दोन तास आधी पोहोचायचं, तपासणी, बॅगांची वाट... अर्धा दिवस गेलाच म्हणा.

माझं ऐकाल तर युरोस्टार ही रेल्वे घ्या. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून पॅरिसचं गार द्यु नोर स्टेशन, सुमारे २ तास २० मिनिटं, आणि उतरलात की थेट शहरात. फ्रान्सची पासपोर्ट तपासणीसुद्धा लंडनलाच होते, म्हणून तासभर तरी आधी जा. तिकीट जितकं उशिरा काढाल तितकं बहुधा महाग.

आणि हो, भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिसा पॅरिसला चालत नाही. शेंगेन व्हिसा (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा) वेगळा काढावा लागतो, तिकिटाच्या आधी तो बघा.