वणवा फेडरल जमिनीवर, बंब आपल्या गावाचा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी मंडळींनी वणव्यांबद्दल बरंच विचारलंय. बहुतेकांचा मुद्दा एकच आहे, आग लागली की कोणाचे लोक येतात आणि कोणाच्या हुकमाने, म्हणून त्यातले पाच प्रश्न घेतो.

प्रश्न: आमचं घर लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडेनाच्या वरच्या अंगाला, मागे लगेच अँजेलिस नॅशनल फॉरेस्ट, म्हणजे फेडरल (केंद्र सरकारचं) जंगल. तिथे आग लागली तर काउंटीचे बंब "ही फेडरल जमीन" म्हणून थांबतील का?

नाही थांबणार, ही भीती आधी डोक्यातून काढा. फोन आला की जवळचं इंजिन, म्हणजे बंब, निघतं, मग ते काउंटीचं असो, कॅल फायरचं (राज्याचं अग्निशमन दल) असो की फॉरेस्ट सर्व्हिसचं (फेडरल वनखातं), कारण कोणी कुठे धावायचं हे आधीच ठरलेलं असतं. राज्यात 1950 पासून मास्टर म्युच्युअल एड अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे परस्पर मदतीचा करार, आहे, त्यात गावं, काउंट्या आणि राज्य एकमेकांना बांधील आहेत. फेडरल खात्यांना स्थानिक दलांशी असे करार करता यावेत म्हणून अमेरिकी काँग्रेसने 1955 साली वेगळा कायदा केला, आणि त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे करार झालेला नसला तरी फेडरल दलाला आपल्या ठाण्याच्या आसपासची आग विझवायला मदत करायची मुभा आहे.

आणखी एक, जमीन कोणाची आणि तिथली आग विझवायची जबाबदारी कोणाची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्य आणि फेडरल खात्यांनी सोयीनुसार भाग वाटून घेतलेत, त्यामुळे काही फेडरल जमीन कॅल फायर सांभाळतं आणि काही खाजगी जमीन फॉरेस्ट सर्व्हिस. आग हद्द ओलांडून गेली तर युनिफाइड कमांड लागते, म्हणजे दोन्ही-तिन्ही दलांचे प्रमुख एकत्र बसून एकच प्लॅन करतात. पण 7 जानेवारी 2025 च्या रात्री ईटन वणव्यात तुमच्याकडे जे झालं ते विसरू नका, वारा इतका होता की विमानं-हेलिकॉप्टरं उडूच शकली नाहीत. करार माणसं आणि गाड्या आणतो, वारा थांबवत नाही, म्हणून निघा म्हटलं की निघायचं.

प्रश्न: मागच्या वणव्यात आमच्या गल्लीत हिरवं इंजिन उभं होतं, पण शेजारचं घर आतून पेटलं तरी ते लोक आत गेले नाहीत. असं का?

हिरवं म्हणजे बहुधा फॉरेस्ट सर्व्हिसचं. ती माणसं रानातल्या आगीची, डोंगरउतारावर रेषा खणून आग अडवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, पण पेटलेल्या घरात शिरायचं ट्रेनिंग आणि श्वासाची उपकरणं त्यांच्याकडे नसतात. घराबाहेर राहून ते घर वाचवायचा प्रयत्न करतात, आत जायचं काम गावच्या किंवा काउंटीच्या दलाचं. म्हणूनच करारात कोण काय करणार हे स्पष्ट लिहावं लागतं, आणि म्हणूनच त्यांच्यावर राग धरू नका, ती माणसं जिवावर उदार होऊन तिथे उभी असतात.

प्रश्न: आमच्या टॅक्सवर चालणारं इंजिन फेडरल जंगलात पंधरा दिवस राबतं. पैसे कोण देतं?

छोटं काम असेल तर कोणीच नाही, ती शेजाऱ्याला केलेली मदत. काम लांबलं की कॅलिफोर्निया फायर असिस्टन्स अ‍ॅग्रीमेंट लागू होतं, त्यात राज्य आणि फॉरेस्ट सर्व्हिससकट फेडरल खाती आहेत. ढोबळ नियम बारा तासांचा: त्याच्या आत परत आलात तर बिल नाही, त्यापुढे गेलं तर ठाण्यातून निघाल्यापासून ठाण्यात परत येईपर्यंतचा खर्च मिळतो. शिवाय 1974 च्या फेडरल कायद्याखाली फेडरल मालमत्तेवरची आग विझवताना झालेल्या नेहमीपेक्षा जादा खर्चाचा क्लेम करता येतो. पैसे यायला मात्र वेळ लागतो, आणि लहान फायर डिस्ट्रिक्टला (स्थानिक अग्निशमन संस्थेला) ते झेपत नाही, हे मला खरंच खटकतं.

प्रश्न: सॅन डिएगोत एवढे मिलिटरी बेस, एवढी हेलिकॉप्टरं. ती लगेच का वापरत नाहीत?

वापरतात, आता वापरतात, पण त्यामागे 2007 च्या ऑक्टोबरचा अनुभव आहे. दक्षिण कॅलिफोर्निया जळत होता आणि मिलिटरीची पाणी टाकणारी हेलिकॉप्टरं तयार असून जमिनीवर उभी राहिली, कारण नियम असा की प्रत्येकात राज्याचा स्पॉटर, म्हणजे बाकीच्या दलांशी बोलून पाणी कुठे टाकायचं ते सांगणारा माणूस, हवा आणि तेवढे स्पॉटर तिथे नव्हते. नियम चुकीचा नव्हता, धुरात दहा विमानं फिरत असताना कोणाशी न बोलता पाणी टाकणारा पायलट खालच्या माणसांनाच मारू शकतो. चूक ही की ट्रेनिंग, रेडिओ, स्पॉटर हे सगळं आग लागायच्या आधी ठरवलेलं नव्हतं. त्यानंतर कॅल फायर आणि लष्कराने एकत्र ट्रेनिंग सुरू केलं, करार केले. मी जिथे जातो तिथे हेच सांगतो, नुसती सही पुरत नाही, ज्यांनी सही केली त्यांची माणसं वर्षातून एकदा तरी एकमेकांसोबत सराव करायला हवीत. 1970 च्या वणव्यांत वेगवेगळ्या दलांचे रेडिओ जुळत नव्हते, एकाच गोष्टीला प्रत्येकाचं नाव वेगळं होतं, त्यातूनच तर इन्सिडेंट कमांड सिस्टिम, म्हणजे सगळ्या दलांसाठी हुकमाची आणि शब्दांची एकच पद्धत, जन्माला आली.

प्रश्न: आमच्या गावातली इंजिनं लॉस एंजेलिसला पाठवली. आम्हाला आग लागली तर?

काळजी रास्त आहे. मदत मागितली म्हणून सगळं ठाणं रिकामं करून पाठवायचं बंधन कोणावर नाही, आपल्या गावाला पुरेल एवढं ठेवून उरलेलं द्यायचं. साधारण पाच इंजिनं आणि एक लीडर अशी स्ट्राइक टीम बनते, तिच्यात शक्यतो वेगवेगळ्या ठाण्यांतून एकेक इंजिन घेतात, आणि रिकाम्या ठाण्यात शेजारचं दल येऊन बसतं किंवा सुट्टीवरच्या लोकांना बोलावून राखीव इंजिन काढतात. पण हे तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये खरंच ठरलेलं आहे की नाही हे तुम्हीच विचारा. डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या मीटिंगा सगळ्यांना खुल्या असतात, तिथे उभं राहून तीन गोष्टी विचारा: फॉरेस्ट सर्व्हिसशी असलेल्या कराराचा यंदाचा ऑपरेटिंग प्लॅन (कोण काय करणार याचा आराखडा) झालाय का, शेवटचा एकत्र सराव कधी झाला, आणि गाड्या बाहेर असताना किमान किती इंजिनं गावात राहतील. उत्तर लेखी मागा आणि ते वणव्यांचा सीझन सुरू व्हायच्या आत मिळवा.