गोळी चालू, वजन वाढतंय

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची आहे. भास होत होते म्हणून दोन महिन्यांपूर्वी ओलान्झापिन सुरू झालं. भास थांबले, झोप लागते, पण वजन ५२ किलोवरून ५८ वर गेलं. जेवून उठली की अर्ध्या तासात पुन्हा भूक. घरचे म्हणतात, तोंडावर ताबा ठेव. गोळी बंद करावी का?

उत्तर : आपल्या मनाने बंद करू नका, भास उलटू शकतात. आणि ताबा ठेवायचा उपदेशही थांबवा. हे औषध मेंदूतल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांच्या काही रिसेप्टरना (संदेश घेणाऱ्या जागांना) अडवतं, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही. तिची भूक खरी आहे.

पहिल्या महिन्यातच मूळ वजनाच्या ५ टक्के, म्हणजे तिच्या बाबतीत २.६ किलो वाढ दिसली, तरी डॉक्टरांशी बोलायला हवं. इथे ६ किलो झालेत. पुढच्या तारखेची वाट पाहू नका. औषध सुरू करण्याआधी रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) तपासलं होतं का, विचारा. नसेल तर आता करा. तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा.

वजन आठवड्यातून एकदाच घ्या : तोच काटा, सकाळी, काही खाण्यापूर्वी. रोज काट्यावर उभं केलं की मुलं चिडतात, आणि कळतही काही नाही. कंबर मोजताना टेप बेंबीवरून लावण्याची चूक सर्रास होते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध लावा, श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचा. तो उंचीच्या निम्म्याहून कमी असावा.

डॉक्टर डोस कमी करतील किंवा हळूहळू ॲरिपिप्राझोल या भासांवरच्याच दुसऱ्या औषधावर नेतील. त्याने वजन सहसा कमी वाढतं, पण काहींना एका जागी बसवत नाही, इतकी अस्वस्थता येते. तिसरा मार्ग मेटफॉर्मिनचा : मधुमेहाची गोळी, वाढतं वजन थोपवायलाही देतात. सहसा ५०० मिग्रॅपासून, जेवणासोबत. सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात म्हणून डोस सावकाश वाढवतात. त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी हवी. चढलेलं वजन उतरवण्यापेक्षा चढतं थोपवणं सोपं, म्हणून घाई.

तोंड कोरडं पडतं म्हणून गोड पेयं पीत असेल, तर ती मात्र आधी घरातून काढा. खूप तहान, वारंवार लघवी आणि उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी साखर तपासा.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, लिथियमवर (मनःस्थितीच्या चढउतारांवरचं औषध) आहे. वजन वाढलं म्हणून जिम लावली, मीठ जवळपास सोडलं. चालेल ना?

उत्तर : जिम चालेल, मीठ तोडणं नाही. शरीरातलं मीठ-पाणी घटलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. घाम गाळताना पाणी प्यायला हवं. अंग दुखतं म्हणून आयब्युप्रोफेन घेतलं तरी हेच होतं. हात जास्त थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, चालताना तोल गेला तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. पातळीची नेहमीची तपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करतात, पण ही लक्षणं असताना तेवढं थांबू नका.