मुलाचं वजन वाढतंय? आधी मोजा, मग ताट बघा

डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. येणारा आकडा म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा. आठ वर्षांचं मूल, वजन ३० किलो, उंची १.२५ मीटर, तर बीएमआय १९.२. मोठ्या माणसाला हा आकडा ठीक. या वयात मात्र तो जास्त वजनाचा. म्हणून मुलांसाठीचा वय आणि लिंगानुसारचा बीएमआय तक्ताच वापरा. एका मोजणीवर घाबरू नका, दर तीन महिन्यांनी तक्त्यावर नोंद ठेवा आणि रेषा कुठे वळतेय ते पाहा.

पहिला बदल पेयांत करा. ३३० मिलिलिटर कोलात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, आणि द्रव कॅलरींनी पोट भरल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे जेवण तेवढंच होतं. फळांचा रसही याच गटातला. अख्खं फळ द्या.

टीव्हीसमोर जेवण हा दुसरा मोठा घोटाळा. लक्ष पडद्यावर असलं की पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. तिथे नुसतं ‘कमी खा’ म्हणून भागत नाही, पडदाच बंद हवा, आणि तो घरातल्या सगळ्यांसाठी!

हालचाल रोज सरासरी ६० मिनिटं, दम लागेल अशी. तुकड्यांत झाली तरी चालते. झोपही सांभाळा: ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास. कमी झोपेने भूक वाढते.

उपाशी ठेवू नका, वजनावरून चिडवू नका. दोन्हींमुळे चोरून खाणं सुरू होतं. वाढत्या मुलाचं वजन बहुतेकदा उतरवायचं नसतं, स्थिर ठेवायचं असतं. उंची वाढते तसा बीएमआय खाली येतो. घोरणं किंवा मानेवर काळपट, जाडसर त्वचा दिसली तर बालरोगतज्ज्ञांकडे लगेच जा.