एनजीओ, सरकार की कंपनी?

तुझं पत्र मिळालं. समाजकार्याची डिग्री झालीये, चांगल्या नव्या कल्पना सरकारनं उचलाव्यात यासाठी काम करायचंय, पण एनजीओत जाऊ, सरकारी नोकरी बघू की कंपनीच्या सीएसआरमध्ये, म्हणजे समाजकार्यावर खर्च करणाऱ्या विभागात शिरू ते कळेना आणि घरचे म्हणतायत एक काय ते ठरव. माझं ऐकशील तर आधी काम ठरव, नोकरी कुठे ते मागाहून बघू. या तिघांना एका करारावर आणणारी माणसं फार कमी आहेत गं, तू ते शिक.

म्हणजे काय करायचं ते सांगते. 2010 मध्ये इंग्लंडच्या पीटरबरो तुरुंगात एक प्रयोग सुरू झाला. वर्षाच्या आतली शिक्षा भोगून सुटणाऱ्या पुरुषांना घर, काम, व्यसनमुक्ती यासाठी मदत करायची म्हणजे ते परत गुन्ह्याकडे वळणार नाहीत. राबणार सामाजिक संस्था, सुरुवातीचे 50 लाख पौंड 17 गुंतवणूकदारांचे आणि सरकार पैसे देणार ते फरक पडला तरच. आता फरक मोजायचा कसा? खरी गोम इथेच. किती जण पुन्हा दोषी ठरले एवढंच मोजलं असतं तर जो एकदा घसरला त्याच्यामागे मेहनत घ्यायला कुणाला कारणच उरलं नसतं, म्हणून किती वेळा दोषी ठरले ते मोजलं, तेही इतर तुरुंगांतून सुटलेल्या तशाच लोकांशी ताडून. लक्ष्य 7.5 टक्के घट, झाली 9 टक्के, गुंतवणूकदारांना पैसे परताव्यासकट मिळाले. मला तर अख्ख्या प्रयोगात तो मोजणीचा नियमच सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण असा नियम लिहायला सुटलेल्या माणसाचे हालही कळावे लागतात आणि तिजोरीवाल्यांची भीतीही.

तरीही मध्येच देशभरासाठी नवं धोरण आलं आणि सुटणाऱ्या कैद्यांच्या तिसऱ्या तुकडीपासून फरक पडला तरच पैसे देण्याची ही पद्धत बंद झाली. त्यामुळे एका मंत्र्याच्या भरवशावर राहू नकोस, खात्यातल्या कायम बसणाऱ्या अधिकाऱ्यांना आकडे पटले पाहिजेत.

म्हणून पहिली दोन वर्षं सरकारी निधीवर चालणाऱ्या एखाद्या संस्थेत जा आणि बजेट आणि रिपोर्टिंगचं काम मागून घे, फील्डवर जाणं सोडू नकोस. एक्सेल, थोडं स्टॅटिस्टिक्स, टेंडर वाचणं, हे तिथेच येईल. मग सरकारात गेलीस काय आणि कंपनीत गेलीस काय, तुझं म्हणणं ऐकून घेतील.

तोवर तुला माहीत असलेली एक योजना घे, पैसे कोण देतं, राबतं कोण, मोजतात काय आणि फसलं तर कुणाचं जातं, एवढं एका पानावर लिही आणि मला पाठव.