साडेचार महिन्यांच्या बाळाला रोटाव्हायरस लसीचा पहिला डोस आता चालतो का?

ताई, माहेरी बाळंतपण झालं, तिथे लसी राहून गेल्या. आता डॉक्टर म्हणतात रोटाची (जुलाब करणाऱ्या विषाणूवरच्या लसीची) वेळ गेली आणि आशाताई म्हणते बाळाला आणा, असं तुम्ही लिहिलंय. आशाताईचं ऐका. मी नागपुरात महापालिकेच्या आरोग्य केंद्रात सिस्टर आहे, लसीकरणाच्या दिवशी अशी बाळं येतच असतात.

डॉक्टरही उगाच सांगत नाहीयेत. आतड्यात आतडं शिरण्याचा एक आजार आहे. साधारण 4 ते 9 महिन्यांच्या बाळांत तो लस न घेताही दिसतो, आणि काही रोटा लसींनी त्याचा धोका अगदी किंचित वाढतो. म्हणून पूर्वी जागतिक आरोग्य संघटना पहिला डोस 15 आठवड्यांच्या आत द्या म्हणायची. 2013 मध्ये तिनेच ती अट काढली. जिथे जुलाबाने मुलं दगावतात, तिथे उशिरा आलेल्या बाळाला परत पाठवण्यात नुकसान जास्त. आपल्या सरकारी लसीकरणात पहिला डोस एक वर्षापर्यंत देतात; पुढचे दोन चार-चार आठवड्यांच्या अंतराने. खाजगीत बरेच जण अजून जुनी मर्यादा पाळतात.

"थेंब तर पाजले ना रविवारी," असं आजी हमखास म्हणतात. ते पोलिओचे. हे वेगळे. कंपनीप्रमाणे कुठे पाच थेंब, कुठे सिरिंजने दोन-अडीच मिली. आम्ही बाळाला मांडीवर थोडं रेलून गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडतो. बहुतेक सगळंच थुंकलं तर तिथेच सांगा, घरी जाऊन फोनवर नको. अंगावरचं दूध आधी-नंतर कधीही पाजा. राहिलेल्या पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस), पीसीव्हीच्या (न्यूमोनियावरची लस) सुया त्याच दिवशी होतात, कार्ड तेवढं आणा.

थंडी जाऊ द्या, मग बघू, असं करू नका. रोटाचा जोर आपल्याकडे थंडीतच. आणि लस घेतली म्हणजे जुलाब होणारच नाहीत असंही नाही. भारतातल्या चाचणीत पहिल्या वर्षी रोटाचे गंभीर जुलाब निम्म्याहून थोडे जास्त घटले, बाकी जंतू आहेतच. घरात ओआरएस ठेवा.

डोसनंतर आठवडाभर लक्ष असू द्या. बाळ पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून किंचाळलं, हिरवी उलटी झाली किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर सकाळची वाट न बघता सरळ मोठं सरकारी रुग्णालय गाठा, आमच्या नागपुरात मेडिकल नाहीतर मेयो. आधी कधी आतड्याचा तो आजार झाला असेल, तर मात्र ही लस देत नाहीत. ते लस पाजण्याआधीच सिस्टरला सांगा.