रिचर्डसन की फील्डिंग: आधी कोण वाचावा?

रिचर्डसनची ‘पामेला’ आणि फील्डिंगची ‘टॉम जोन्स’ या अठराव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांत नेमका फरक काय आणि सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. सुरुवात ‘टॉम जोन्स’पासूनच करा. पण या दोघांत मोठा लेखक मला रिचर्डसन वाटतो, आणि ते पटायला ‘पामेला’ पुरत नाही, त्याचीच ‘क्लॅरिसा’ वाचावी लागते.

रिचर्डसनचा लंडनमध्ये छापखाना होता. पत्रलेखनाचे नमुने देणारं पुस्तक लिहिता लिहिता त्याला ‘पामेला’ (१७४०) सुचली. पंधरा वर्षांची मोलकरीण, तिच्या मागे लागलेला मालक आणि शेवटी त्याच्याशीच लग्न! सगळं पत्रांतून आणि रोजनिशीतून, जवळजवळ घडतंय तसं. फील्डिंगने ‘शामेला’त (१७४१) याची यथेच्छ टर उडवली. मालक दारातून आत येतो, थेट अंथरुणात शिरतो, तरी बाईसाहेबांचं पत्र चालूच.

फील्डिंग मुळातला नाटककार. १७३७च्या कायद्याने नाटकांवर सेन्सॉर बसला आणि त्याची रंगभूमी सुटली. ‘टॉम जोन्स’चे (१७४९) अठरा भाग आहेत आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला तो स्वतः येऊन वाचकाशी गप्पा मारतो. त्याला शेवट ठाऊक असतो, म्हणून आपणही निर्धास्त. अप्टन गावच्या खाणावळीत टॉम दुसऱ्याच बाईबरोबर आहे हे त्याच्या प्रेयसीला, सोफियाला कळतं. ती आपल्या मफला (हात उबेत ठेवायच्या आवरणाला) स्वतःच्या नावाची चिठ्ठी टाचते, मोलकरणीकरवी तो त्याच्या रिकाम्या पलंगावर ठेववते आणि निघून जाते. प्रसंग झकास रचलाय, पण तिच्या मनात काय चाललंय याच्या खोलात फील्डिंग फारसा शिरत नाही.

‘क्लॅरिसा’ही (१७४७-४८) पत्रांतूनच उलगडते. तिच्यात लव्हलेस नावाचा खलनायक गुंगीचं औषध देऊन नायिका क्लॅरिसावर बलात्कार करतो. त्यानंतर ती जे कागद खरडते आणि फाडून टाकते, तेच तुकडे आपल्यासमोर येतात. एका कागदावर तर कवितेच्या ओळी वाकड्यातिकड्या, कडेने छापल्यात. लेखक स्वतःच मुद्रक असल्याचा हा फायदा! कादंबरी हप्त्याहप्त्याने निघत होती. शेवट गोड करा म्हणून वाचक पत्रं पाठवत होते, पण हा बधला नाही.

अर्थात, पुस्तक नऊ लाखांहून जास्त शब्दांचं आहे. नुसत्या गोष्टीसाठी रिचर्डसन वाचायला घेतला तर माणूस वैतागून गळफास घेईल, असं त्याचा चाहता असलेला समीक्षक आणि कोशकार डॉ. जॉन्सनच म्हणायचा. सुरुवातीची घरातली भांडणं मलाही रटाळ वाटली. तरी संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. एकच प्रसंग आधी क्लॅरिसा सांगते, मग लव्हलेस आपल्या मित्राला सांगतो, आणि कात्री नेमकी अशाच पत्रांवर चालते.