ऑल-टेरेन टायर: एक साइज मोठा चालेल का?

प्रश्न: माझ्या मोठ्या एसयूव्हीला २६५/६५ आर१७ टायर आहेत. बदलताना २६५/७० ऑल-टेरेन (डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) घ्यावेत का?

उत्तर: शक्यतो मूळ साइजच घ्या. ७०चा (बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के) टायर व्यासाला सुमारे २६ मिमी मोठा. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०३च्या आसपास असेल. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडफ्लॅपला घासतो, तेही बहुधा खड्ड्यात सस्पेन्शन दबल्यावर. दुकानात उभ्या गाडीवर ते कळतच नाही! लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलेल ते सांगणारा अंक) मूळपेक्षा कमी नको. ११२ म्हणजे प्रत्येक टायरला ११२० किलो. बाजूवरचा ‘२३२५’ हा शिक्का टायर २०२५च्या तेविसाव्या आठवड्यात बनल्याचं सांगतो. गाडी कायम फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर चारही एकदम बदला, नाहीतर सेंटर डिफरेन्शियलवर (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरवर) ताण येतो. ऑल-टेरेनने आवाज थोडा वाढणारच.